डोक्यावर आधी की पायावर? गार पाण्याने आंघोळ करताना शरीरात नेमकं काय घडतं?

डिसेंबर-जानेवारीत छत्रपती संभाजीनगरच्या बहुतेक घरांमध्ये सकाळी एकच प्रसंग घडतो. नळ सोडायचा, हात पुढे करायचा आणि पाणी लागलं की तो झटकन मागे घ्यायचा. मग गिझरचं बटण दाबायचं की ‘हर हर गंगे’ म्हणत पहिला तांब्या ओतून मोकळं व्हायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

तेवढ्यात मोबाईलवर दोन गोष्टी येऊन पडलेल्या असतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर काकांनी मेसेज टाकलेला असतो, ‘हिवाळ्यात पहिलं पाणी डोक्यावर घेऊ नका, ब्रेन स्ट्रोक येतो. सर्वांना पाठवा.’ आणि इन्स्टाग्राम उघडलं की बर्फाने भरलेल्या ड्रममध्ये गळ्यापर्यंत बसलेला एखादा मुलगा सांगत असतो की, यामुळे ताण जातो, प्रतिकारशक्ती वाढते आणि चरबीही वितळते.

एक म्हणतो जीव जाईल, दुसरा म्हणतो आयुष्य बदलेल. पाणी मात्र तेच.

या चर्चेला एक गंभीर बाजूही आहे. १४ जानेवारी २०२५ ला, मकर संक्रांतीच्या दिवशी, सोलापूरचे माजी महापौर महेश कोठे यांचं प्रयागराजमध्ये निधन झालं. महाकुंभात त्रिवेणी संगमावर स्नानासाठी गेले असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अशा बातम्या तेव्हा आल्या. ते ६० वर्षांचे होते. त्यात थंड पाण्याचा वाटा होता का, हे बाहेरून कुणी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण अशी बातमी वाचल्यावर पहाटे उठून गार पाण्याने आंघोळ करणाऱ्या आपल्या घरातल्या साठीच्या माणसाकडे बघून मनात प्रश्न येतोच.

म्हणूनच हा विषय जरा नीट समजून घेऊ.

गार पाणी म्हणजे नेमकं किती गार?

आपल्याला वाटतं, थंड पाण्याचा धोका म्हणजे युरोप-अमेरिकेतला, बर्फाच्या तळ्यातला. आपल्याकडे पाणी गोठतच नाही, मग कसली भीती?

इथे एक आकडा लक्षात ठेवा, २५ अंश सेल्सिअस. पाणी यापेक्षा थंड असेल आणि त्यात माणूस अचानक गेला, तर शरीराची दचकण्याची प्रतिक्रिया सुरू होते. पाणी जितकं गार, तितकी ती तीव्र. साधारण १० ते १५ अंशांच्या पाण्यात ती कमाल पातळीला पोहोचते. म्हणजे त्यासाठी बर्फ लागत नाही.

२५ अंशांच्या हवेत आपण आरामात टी-शर्टवर फिरतो. मग त्याच तापमानाचं पाणी गार का लागतं? कारण पाणी हवेच्या तुलनेत जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ अंशांच्या आसपास असतं. त्यापेक्षा थंड पाणी अंगावर आलं की ते उष्णता अक्षरशः ओढून घेतं.

आता आपल्या शहराकडे या. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे आणि समुद्रापासून लांब आहे. त्यामुळे दिवसा ऊन आणि रात्री कडाका, असा इथला हिवाळा. थंडीची लाट आली की चिकलठाण्याच्या वेधशाळेत किमान तापमान १० अंशांच्या खाली जातं.

त्यात इथली पाण्याची गोष्ट वेगळी. शहराला पाणी येतं जायकवाडीतून आणि अनेक भागांत नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे घरोघरी पाणी साठवलं जातं, बहुतेक ठिकाणी गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत. ही टाकी रात्रभर उघड्यावर उभी असते. अर्धी रिकामी असेल तर आणखी लवकर गार होते. पहाटे नळातून येतं ते हेच पाणी.

‘आमचे आजोबा बाराही महिने गार पाण्याने आंघोळ करायचे’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ते खोटं नाही. पण आजोबा आंघोळ करायचे ती आडाच्या किंवा विहिरीच्या ताज्या पाण्याने. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. ते त्या भागाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे साधारण २५ अंशांच्या जवळपास राहतं. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत विहिरीतून नुकतंच काढलेलं पाणी कोमट लागतं, त्यातून वाफाही निघताना दिसतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्याहून बरंच गार असू शकतं. तेव्हा आजोबांचं ‘गार पाणी’ आणि आपलं ‘गार पाणी’ एकच नव्हे.

पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय होतं?

अंगावर अचानक गार पाणी पडलं की सगळ्यात आधी काय होतं, हे प्रत्येकाने अनुभवलंय. तोंडातून ‘हाऽऽ’ असा आवाज निघतो आणि श्वास एकदम आत ओढला जातो. मग धाप लागल्यासारखे छोटे छोटे श्वास सुरू होतात. छाती धडधडते.

याला इंग्रजीत ‘कोल्ड शॉक’ म्हणतात, आपण शीत-धक्का म्हणू. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्राध्यापक माईक टिप्टन यांनी गेली अनेक वर्षं यावर काम केलं आहे. त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासातून जे समोर आलं ते थोडक्यात असं :

त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंकडून मेंदूला एकदम लाखो संदेश जातात. त्यावर माणसाचा ताबा नसतो. पहिला मोठा श्वास आपोआप घेतला जातो, त्यात दोन-तीन लिटर हवा आत जाऊ शकते. श्वासांचा वेग अनेक पटींनी वाढतो. एरवी मिनिटभर श्वास रोखून धरणाऱ्या माणसाला बर्फाळ पाण्यात दहा सेकंदही तो धरता येत नाही.

त्याच वेळी हातापायांच्या आणि त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. उष्णता बाहेर जाऊ नये, म्हणून शरीर रक्त आतल्या अवयवांकडे वळवतं. वाहिन्या अरुंद झाल्या आणि हृदयाचे ठोके वाढले, म्हणजे रक्तदाब वाढणारच. थंडीत सारखी लघवीला का होते, याचंही उत्तर इथेच आहे. रक्त मध्यभागी गोळा झाल्यावर शरीराला वाटतं की पाणी जास्त झालं, मग मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला लागतात.

हा धक्का पहिल्या ३० सेकंदांत सगळ्यात तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. गार पाण्याची आंघोळ ‘दोन तांब्यांनंतर काही वाटत नाही’ ती यामुळेच.

पण याचा एक अर्थ आपल्या लक्षात येत नाही. थंड पाण्यातला सगळ्यात धोक्याचा काळ हा सुरुवातीचा असतो. माणूस गारठून मरतो, त्याच्या कितीतरी आधी दचकून मरू शकतो.

मग गारठून जायला किती वेळ लागतो?

कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी लोकांच्या लक्षात राहावं म्हणून एक साधं सूत्र सांगितलं आहे : १-१०-१. बर्फाळ पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास ताब्यात आणायला साधारण १ मिनिट मिळतं. हातपाय उपयोगी पडतील अशी १० मिनिटं मिळतात. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो.

मधल्या दहा मिनिटांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्नायू आणि नसा थंड झाल्या की बोटं वळत नाहीत, दोर पकडता येत नाही, चांगल्या पोहणाऱ्यालाही हात मारणं जमत नाही. शरीराच्या आतलं तापमान मात्र तोवर फारसं उतरलेलंही नसतं.

आतलं तापमान एरवी ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला ‘हायपोथर्मिया’ म्हणतात. त्याआधी शरीर हुडहुडी भरवून लढतं. कुडकुडताना स्नायूंची जी हालचाल होते, त्यातून एरवीपेक्षा चार-पाच पट उष्णता तयार होऊ शकते. त्यामुळे दात वाजणं ही शरीर काम करत असल्याची खूण आहे. गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं थांबलं, तो बरळायला लागला किंवा पेंगायला लागला, तर मात्र ते धोक्याचं लक्षण आहे.

आणि पाण्यातून बाहेर आलं म्हणजे संपलं, असंही नाही. हातापायातलं गार रक्त पुन्हा आत फिरायला लागतं आणि बाहेर आल्यानंतरही काही वेळ आतलं तापमान घसरत राहतं. अशा माणसाला लगेच ऊन ऊन पाण्याने आंघोळ घालू नये. ओले कपडे काढायचे, अंग कोरडं करायचं, घोंगडी किंवा रजई गुंडाळायची, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्यायचा. आणि डॉक्टरकडे न्यायचं.

हृदयाला धोका कुणाला असतो?

निरोगी तरुणाचं हृदय हा ताण सहज पेलतं. पण हृदयाच्या वाहिन्यांमध्ये आधीच चरबीचे थर साचले असतील, तर गणित बदलतं. रक्तदाब वाढला की हृदयाला जास्त काम करावं लागतं, म्हणजे जास्त प्राणवायू लागतो. अरुंद वाहिन्यांमधून तो पुरत नाही. थंडीमुळे या वाहिन्या आणखी आकसूही शकतात.

त्यात वेळेची भर पडते. झोपेतून उठल्यानंतरच्या काही तासांत हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण जास्त असतं, हे जगभर दिसून आलं आहे. हिवाळ्यात रक्तदाब वाढतो, हेही दिसून आलं आहे. हिवाळा, पहाट, उपाशी पोट, प्रवासाचा शीण, चुकलेली गोळी आणि त्यावर नदीत एकदम मारलेली बुडी. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण तीर्थक्षेत्री त्या सगळ्या एकत्र येतात.

आणखी एक गुंतागुंत आहे. चेहरा थंड पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला, की शरीर उलट आदेश देतं : हृदयाचे ठोके कमी कर. हा पाण्यात बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये असलेला जुना प्रतिक्षेप. म्हणजे अंगाला लागलेली थंडी हृदयाला ‘पळ’ सांगते आणि चेहऱ्याला लागलेली थंडी ‘थांब’ सांगते. एकाच वेळी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दाबल्यासारखं. टिप्टन आणि मायकेल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये मांडलं की, या ओढाताणीत हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि ज्यांच्या हृदयात आधीच दोष आहे त्यांच्यासाठी ते जीवघेणं ठरू शकतं.

डोक्यावर आधी पाणी घेतलं तर खरंच ब्रेन स्ट्रोक येतो का?

आता काकांच्या मेसेजकडे येऊ. पहिला तांब्या डोक्यावर घेतल्यामुळे मेंदूतली नस फुटते, असं दाखवणारा ठोस पुरावा नाही. आंघोळ करताना स्ट्रोक आला, याचा अर्थ आंघोळीमुळेच आला असा होत नाही. सकाळच्या वेळेत स्ट्रोकचं प्रमाण तसंही जास्त असतं आणि सकाळीच बहुतेक लोक आंघोळ करतात.

पण मेसेजमधला सल्ला पूर्ण टाकाऊ नाही. कारण चुकीचं दिलं असलं तरी पायापासून सुरुवात करणं हे शहाणपणाचं आहे. पाय, हात, मग खांदे, मग डोकं असं पाणी घेतलं की शीत-धक्का एकदम न बसता हळूहळू बसतो. श्वासावर ताबा राहतो, रक्तदाब झटक्यात चढत नाही. जुनी माणसं नदीत उतरताना आधी पाणी पायाला, मग डोळ्यांना लावायची आणि हळूहळू कमरेपर्यंत जायची. त्यामागचा भाव श्रद्धेचा होता, पण शरीराच्या दृष्टीनेही ती पद्धत बरोबर होती.

आपल्याकडे दिवाळीतलं अभ्यंगस्नान ऐन पहाटे असतं, पण ते कढत पाण्याला विसण घालून, अंगाला तेल लावून. थंडीतल्या पहाटेची आंघोळ आणि गार पाणी, यांची सांगड घातलीच पाहिजे असं परंपराही म्हणत नाही.

विहीर आणि शेततळ्याचं काय?

शीत-धक्क्याचा आपल्या भागातला सगळ्यात मोठा धोका बाथरूममध्ये नाहीच. तो उन्हाळ्यात आहे, विहिरीवर आणि शेततळ्यावर.

भारतात दरवर्षी साधारण ३८ हजार लोक बुडून मरतात. त्यामागे पोहता न येणं, गाळ, प्रवाह, दारू अशी अनेक कारणं असतात. आपल्याकडचं पाणी बर्फाळ नसल्यामुळे इथे शीत-धक्का हे मुख्य कारण म्हणता येणार नाही. पण तो भर घालू शकतो.

समजा, मे महिना आहे. हवेत ४२ अंश. शाळेला सुट्टी. पोरं तापलेल्या अंगाने विहिरीच्या काठावरून उडी मारतात. वरचं पाणी कोमट असतं, पण उडी मारणारा खाली जातो आणि खालचं पाणी गार असतं. तिथे नकळत एक श्वास आत ओढला गेला आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं, तर हवेऐवजी पाणी आत जातं. ज्याला पोहता येतं तोही अशा वेळी घाबरतो, धडपडतो.

मराठवाड्यात शेततळी मोठ्या प्रमाणावर झाली, ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली. शेतीसाठी ती गरजेची होती. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्याची बाजू इतकी गुळगुळीत असते की आत गेलेल्याला वर चढता येत नाही. धक्का बसलेला, दमलेला माणूस तिथे फार वेळ टिकत नाही. तळ्याला कुंपण घालणं आणि आत गाठी मारलेला दोर कायमचा सोडून ठेवणं, यासाठी फार खर्च येत नाही.

पाण्यात अचानक पडलात तर काय करायचं? ब्रिटनची समुद्री बचाव संस्था लोकांना एकच गोष्ट शिकवते : आधी तरंगा. लगेच हात मारायला जाऊ नका. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हातपाय हलके हलवत उताणे राहा. धाप दोन-एक मिनिटांत ओसरते. मग ओरडा, मग काठाकडे जा. आणि काठावरच्याने पाण्यात उडी घेऊ नये. दोर, फांदी, साडी, रिकामा बंद कॅन, जे हाताला लागेल ते टाकावं.

रील्समधले दावे किती खरे?

आता बर्फाच्या ड्रमकडे वळू. याबाबत काही चांगले अभ्यास झाले आहेत, पण रील्समध्ये त्यांचं अर्धंच सांगितलं जातं.

दावा पहिला : मूड सुधारतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांना १४ अंशांच्या पाण्यात बसवलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं नॉरॲड्रेनालिन ५३० टक्क्यांनी आणि डोपामिन २५० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा प्रत्येक रीलमध्ये असतो. पण ही माणसं पाण्यात एक तास बसली होती, हे सांगितलं जात नाही. दोन मिनिटांच्या बुडीला तोच आकडा लावता येत नाही. गार पाण्यानंतर तरतरी येते हे मात्र खरं.

दावा दुसरा : प्रतिकारशक्ती वाढते. नेदरलँड्समध्ये ३,०१८ लोकांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींनी महिनाभर आंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी घेतलं. त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. गंमत म्हणजे आजारी असण्याचे दिवस कमी झाले नाहीत. म्हणजे लोक आजारी पडले तेवढेच, पण कामावर जास्त गेले. आणि ३० सेकंद घेतलं काय, ९० सेकंद घेतलं काय, फरक पडला नाही.

दावा तिसरा : ताण आणि सूज कमी होते. जानेवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ११ अभ्यासांचा, एकूण ३,१७७ लोकांच्या माहितीचा एकत्र आढावा घेतला. त्यात ताण लगेच कमी झाल्याचं दिसलं नाही, १२ तासांनी थोडा कमी दिसला. शरीरातला दाह तर बुडीनंतर लगेच वाढलेला आढळला.

दावा चौथा : व्यायामानंतर बर्फात बसा, स्नायू लवकर भरून येतात. अंगदुखी कमी होते हे खरं आहे, म्हणून लागोपाठ सामने खेळणारे खेळाडू ते करतात. पण २०१५ च्या एका अभ्यासात १२ आठवडे वजनं उचलून लगेच गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू, तसं न करणाऱ्यांच्या तुलनेत कमी वाढले. म्हणजे जिममध्ये दंड कमवायला जाणाऱ्याने त्यानंतर बर्फात बसणं हे स्वतःच्याच मेहनतीवर पाणी ओतणं झालं.

दावा पाचवा : चरबी वितळते. थंडीत उष्णता तयार करणारी ‘तपकिरी चरबी’ प्रौढ माणसांतही असते, हे २००९ मध्ये स्पष्ट झालं. पण तिच्या जोरावर वजन उतरतं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. शिवाय गार पाण्यातून आल्यावर भूक जास्त लागते, ते वेगळंच.

मग सवय होते, ती कशी?

सवय होते हे मात्र नक्की. पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं गार पाण्यात गेलं की शीत-धक्का जवळपास निम्म्यावर येतो आणि ही सवय बराच काळ टिकते, असं टिप्टन यांच्या प्रयोगांत दिसलं.

याचं टोकाचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याचे रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून ‘ओशन्स सेव्हन’ म्हणजे जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पूर्ण केल्या. असं करणारे ते पहिले आशियाई. मुंबईच्या प्रभात कोळी यांनीही मार्च २०२३ मध्ये हे सात टप्पे पूर्ण केले. यातल्या आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या खाडीत पाणी साधारण १२ ते १४ अंश असतं आणि थंडीपासून वाचवणारा जाड सूट घालायला परवानगी नसते.

पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो, वैद्यकीय तपासण्या असतात आणि शेजारी बोट चालत असते. रील बघून ड्रममध्ये उतरणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

मराठवाड्यासाठी गार पाण्याचा खरा उपयोग कुठे?

गार पाण्याचा सगळ्यात भक्कमपणे सिद्ध झालेला फायदा रील्समध्ये क्वचितच दिसतो. तो आहे उष्माघातात.

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि त्यानंतर १४ जणांचा जीव गेला. आपल्याकडे तर एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वरच असतो. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. अशा वेळी मेंदू, यकृत, मूत्रपिंडं अक्षरशः शिजत असतात. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणता आलं, तर जगण्याची शक्यता खूप वाढते. आणि ते सगळ्यात वेगाने खाली आणतं ते गार पाणी. दिल्लीतल्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने २०२४ मध्ये उष्माघाताच्या रुग्णांसाठी खास कक्ष सुरू केला, त्यात रुग्णाला बर्फाच्या पाण्यात ठेवण्यासाठी टब बसवले आहेत.

इथेच आपली एक जुनी समजूत आड येते. ‘तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी घालू नये, सर्दगर्मी होते.’ उन्हातून आल्या आल्या विहिरीत उडी मारणाऱ्याला हे सांगणं बरोबर आहे. पण उन्हात काम करताना कोसळलेल्या, अंग भाजत असलेल्या, बरळणाऱ्या माणसाच्या बाबतीत हाच सल्ला घातक ठरतो. तिथे शीत-धक्क्यापेक्षा आतली उष्णता कितीतरी मोठी शत्रू असते. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. अंगावर पाणी ओतत राहा, ओली चादर टाका, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

म्हणजे गरम पाणीच बरं?

घाईने तोही निष्कर्ष काढू नका. हिवाळ्यात थंडी आत येऊ नये म्हणून आपण बाथरूमची खिडकी बंद करतो, दार लावतो आणि आत गॅस गिझर पेटलेला असतो. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो तिथेच पडतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा आणि खिडकी उघडी ठेवा. बादलीत हीटरचा रॉड असेल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

मग उद्या सकाळी काय करायचं?

तुम्ही तरुण आहात, तब्येत ठणठणीत आहे आणि गार पाण्याने बरं वाटतं? खुशाल करा. पायापासून सुरुवात करा, श्वास ताब्यात येईपर्यंत डोक्यावर पाणी घेऊ नका. शेवटची ३० सेकंदं गार पाणी घेतलंत तरी पुरेसं आहे. बर्फाच्या ड्रममध्ये एकट्याने कधीच उतरू नका आणि दारू पिऊन तर नाहीच.

घरात कुणाला हृदयविकार, उच्च रक्तदाब, आधी येऊन गेलेला स्ट्रोक, अनियमित ठोके किंवा थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास असेल, तर त्यांच्यासाठी कोमट पाणीच. गरोदर महिला आणि वयस्कर माणसांसाठीही तेच. नवजात बाळाला तर पहिले २४ तास आंघोळच घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कार्तिकात, माघात पैठणला गोदावरीवर स्नानाला जाणाऱ्या घरच्या मोठ्यांना अडवायची गरज नाही. सकाळची गोळी चुकवू नका, रिकाम्या पोटी बुडी मारू नका, घाटाच्या पायरीवर बसून तांब्याने आंघोळ करा आणि सोबत कुणीतरी असू द्या, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर ‘थंडीमुळे झालं असेल’ म्हणून वाट बघत बसू नका.

आणि काकांना उत्तर द्यायचंच असेल तर एवढं लिहा : ‘काका, पहिलं पाणी पायावरच घेतो. पण तुमची बीपीची गोळी आज घेतली का?’